मांडव नसताना

वनिताने पदराच्या टोकाने सासूच्या हनुवटीवरचा चहा टिपला, तसा जिजाने तिचा हात झटकून टाकला.

"माजं मला पुसता येतं."

नेरळच्या बाजारात टपरीसमोर दोघी उभ्या होत्या. वैशाखाचं ऊन सकाळीच पाठीवर येऊन बसलं होतं. जिजाने पेला तोंडाच्या उजव्या कोपऱ्याशी नेला, मान कलती केली आणि पुन्हा घोट घेतला. थोडा चहा पोटात गेला, उरलेला डाव्या ओठावरून खाली उतरला. टपरीवाल्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून तो पेले विसळायला लागला. त्याचं ते न पाहणं जिजाला जास्त लागलं. अर्धा पेला तसाच फळीवर ठेवून ती चालू पडली.

वनिता लगबगीने मागून निघाली. सासूच्या मागे राहणं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं, त्याचं काही नव्हतं. पण उद्या संध्याकाळी गावातल्या रोहिदासच्या लेकीची, श्रद्धाची हळद होती आणि जिजाचं तोंड अजून वाकडंच होतं.

जिजा धवलारीण होती. नेरळजवळच्या कळंबच्या आसपास कुठल्याही गावात लग्न निघालं की हळदीला आधी तिला सांगणं जायचं, मग बाकीच्यांना. मांडवात उभं राहून ती धवले म्हणायची. शिवेवरच्या, डोंगरावरच्या, नदीतल्या देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेक करून हाक मारायची, आणि ते सगळे आले, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं की मगच नवरीच्या कपाळाला हळद लागायची. भटजीला उशीर झाला तर लोक सरबत पीत थांबत. जिजाला उशीर झाला तर हळद वाटीत वाळत बसे, पण कोणी हात लावत नसे.

धवला एकटीने म्हणायचा नसतो. एक बाई पुढे म्हणते, दुसरी मागून धरते. पुढचीने ओळ म्हटली की मागची त्या ओळीचं शेपूट उचलते आणि तेवढंच घोळवत राहते. वनिता लग्न होऊन आली, त्याच वर्षी जिजाची जुनी जोडीदारीण वारली आणि नव्या सुनेला मागे उभं करण्यात आलं. तेव्हापासून ती मागेच होती. त्यामुळे वनिताला सगळे धवले येत होते आणि एकही येत नव्हता. शेपटं तिला झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. ओळ सुरू कुठून होते आणि एका देवानंतर दुसरा कोणता, हे मात्र तिने कधी आपल्या तोंडाने म्हटलेलंच नव्हतं.

शिकवा म्हणून ती एकदा बोलली होती. चुलीपुढे बसल्या बसल्या तिने सहज एक ओळ गुणगुणली, तर जिजाने हातातलं उलथनं खाली ठेवलं होतं.

"मांडव नाय, काय नाय, आन् कोनाला बोलावतीस गं? देव आले तर उभं कुठं राहतील? तुज्या डोस्क्यावर?"

जिजाच्या घरातली ती रीत होती. धवला म्हणजे हाक. मांडव नसताना हाक मारली की देव येतात, त्यांना जागा मिळत नाही, आणि ते रागावून परततात ते पुन्हा त्या घरच्या लग्नाला येत नाहीत. वनिताने त्यानंतर शेतातसुद्धा तोंड उघडलं नाही.

आणि मग एका सकाळी जिजा उठली ती अर्धाच चेहरा घेऊन. डावा डोळा मिटेना, डावा गाल लोंबायला लागला, राखुंडीची चूळ भरायला गेली तर पाणी तोंडात राहीना. वनिताचा नवरा दत्ता टेंपो चालवायचा. त्याने तसाच टेंपोत घालून आईला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा मेंदूचा झटका नाही, चेहऱ्याची शीर सुजली आहे, बहुतेकांचं बरं होतं, पण वेळ लागतो. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले. किती वेळ लागतो ते मात्र कोणी सांगेना. मग स्टँडवरच्या एका रिक्षावाल्याने दत्ताला हर्षलाबाईंच्या चिनी सुयांबद्दल सांगितलं.

काल रोहिदास घरी येऊन गेला. भला माणूस होता, बोलताना चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला.

"काकी, राग मानू नको. आमचा पोरगा निलेश म्हनतो, साऊंडवाल्याकडं धवल्यांचं रेकॉर्डिंग हाय. कोन पनवेलकडच्या बाया हायेत, चांगल्या म्हनतात. यंदा तेवढं लावू. तुला पन आराम."

रोहिदासने मग वनिताकडे पाहिलं.

"उद्या दुपारपर्यंत मला सांगा गं. साऊंडवाला थांबलाय."

तो गेल्यावर जिजा म्हणाली, "तो साऊंडवाल्याचा डबा येकदा मांडवात शिरला का परत निघायचा नाय." रोहिदासचं बोलणं ऐकून क्षणभर वनिताला सुटल्यासारखं वाटलं होतं. डबा लागला तर आपल्याला पुढे उभं राहावं लागणार नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. ते मनात आलं याची लाज तिला रात्रभर टोचत राहिली.

हर्षलाची खोली मोबाईलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होती. बाई बदलापूरची, लग्न होऊन नेरळच्या नव्या इमारतींपैकी एकीत राहायला आलेली. मुंबईत अॅक्युपंक्चर शिकली होती. भिंतीवर एका माणसाचं मोठं चित्र होतं. त्याच्या अंगभर डोक्यापासून पायापर्यंत रेघा, रेघांवर ठिपके आणि ठिपक्यांपुढे चिनी अक्षरं. पहिल्या दिवशी जिजाने ते चित्र निरखून पाहिलं होतं आणि विचारलं होतं, ह्याच्या अंगात कपडे का नाहीत. मग हर्षलाने तिला समजावलं, की चिनी लोक फार जुन्या काळापासून असं मानतात, अंगात शक्तीच्या वाटा असतात, शेताच्या पाटासारख्या, आणि पाट कुठे तुंबला की दुखणं येतं. सुई टोचून तो मोकळा करायचा.

"मग बांध कोनी घातला?" जिजाने विचारलं होतं.

हर्षला हसली होती. जिजाचं समाधान झालं नव्हतं. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं होतं, "त्या चिन्यांच्यात लग्नात कोन म्हनतं?" हर्षलाला ते माहीत नव्हतं.

आज जिजाने काहीच विचारलं नाही. तिने पायातल्या चपला दाराशी काढल्या आणि स्टुलावर बसली. वनिताने रिवाजाप्रमाणे आपला फोन टेबलावरच्या टोपलीत ठेवला. आत फोन न्यायचा नाही, असा हर्षलाचा नियम होता.

"आजी, डोळा मिटा बघू."

जिजाने मिटला. उजवा घट्ट मिटला, डाव्याची पापणी खाली आली, पण डोळ्यातल्या पांढऱ्याची एक फट राहिलीच.

"मागच्या वेळेपेक्षा बरं आहे. आता गाल फुगवा."

जिजाने फुगवले. डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून हवा फुर्रकन निघून गेली. तिने पुन्हा फुगवले, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी हर्षलानेच तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्यापरेंत व्हईल का?" वनिताने विचारलं. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

"उद्यापर्यंत नाही होणार, ताई." हर्षला हात पुसत म्हणाली. "सुधारतंय हे नक्की. पण गोळ्यांनी किती, सुयांनी किती आणि शरीराने आपलं आपण किती, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. अजून काही आठवडे धरून चाला."

"मी म्हननार," जिजा म्हणाली. "तोंड वाकडं हाय, गला वाकडा नाय."

हर्षलाला हळदीचं सगळं ठाऊक होतं, येता-जाता ऐकून झालं होतं. ती म्हणाली, "मग एखादी ओळ म्हणून बघा ना इथे. अंदाज येईल."

"मांडवाबिगर नाय म्हनत."

"नुसतं देवाचं नाव घ्या."

जिजाने जरा विचार केला. नाव घ्यायला हरकत नसावी. तिने ओठ जुळवायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "भैरोबा." निदान तिला तसं म्हणायचं होतं. पहिलं अक्षर फुंकरीसारखं बाहेर पडलं आणि शेवटचं ओठांतच राहिलं. तिने पुन्हा घेतलं, मोठ्याने. ते आणखीच वाईट झालं. खालून मोबाईलच्या दुकानातलं गाणं ऐकू येत होतं.

जिजाने डावा ओठ बोटाने वर उचलून धरला आणि तिसऱ्यांदा नाव घेतलं. मग बोट काढून ती मांडीकडे पाहत बसली.

"तुटलं," ती म्हणाली. "तुटक्या नावानं देव कसा येनार?"

ती आपणहून उठली आणि पडद्यामागच्या खाटेवर जाऊन आडवी झाली. इतक्या वर्षांत सासूने एखादी गोष्ट सोडून दिलेली वनिताने पाहिली नव्हती. भांडण नाही, अडून बसलेली म्हैस नाही, दत्ताला आग्रहाने वाढायचा घास नाही. आता ती छताकडे तोंड करून पडली होती.

हर्षलाने कापसाने जिजाचा चेहरा पुसला. स्पिरिटचा वास पसरला. पाकिटातून तिने एकेक सुई काढली, नळीत धरली आणि वरून हलकी टिचकी मारली. केसापेक्षा जरा जाड अशी ती सुई भुवईच्या वर उभी राहिली. मग एक डोळ्याच्या कडेला, एक गालाच्या हाडाखाली, एक ओठाच्या कोपऱ्याजवळ, एक कानाच्या पाळीपुढे. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यातही एक गेली. तिथली सुई तिने बोटांत धरून किंचित फिरवली.

"जड वाटतंय?"

"हं."

"छान. आता मी सुया काढेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, ओठ तर अजिबात हलवायचे नाहीत. ताई, तुम्ही बसा इथे, लक्ष ठेवा." तिने डाव्या डोळ्यावर ओला कापूस ठेवला आणि पडदा सारून बाहेर गेली. लगेच तिचा आवाज आला, "ताई, रोहिदास म्हणून फोन येतोय तुम्हाला. दुसऱ्यांदा."

"करते म्हनावं. थोड्या टायमानं."

वनिता स्टूल ओढून बसली. आता त्याला काय सांगावं? दुपार होत आली होती. म्हणजे दोनच गोष्टी राहिल्या. डबा लावा म्हणायचं, नाहीतर मी म्हणते म्हणायचं. मी म्हणते म्हटलं आणि भर मांडवात ओळ अडली तर? नदी आधी का डोंगर आधी? एखादा देव राहिला तर? सगळं गाव उभं, श्रद्धा पाटावर बसलेली, आणि आपण तोंड उघडून नुसत्याच उभ्या. लोक जिजाला नावं ठेवतील ते वेगळंच. आपल्याला येतं का, हे मांडवात उभं राहिल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि मांडवात उभं राहून न येण्यापेक्षा मरण बरं, असं तिला वाटलं.

तिने जिजाकडे पाहिलं. कापसाखालून पाण्याचा एक ओघळ कानाकडे चालला होता. त्या डोळ्याला हल्ली सारखंच पाणी यायचं, त्यामुळे ते कसलं हे कळायला मार्ग नव्हता. वनिताने ते पुसलं. या खेपेला जिजाने हात झटकला नाही. झटकणं सोपंही नव्हतं म्हणा. उजव्या हातात सुई होती, तोंडावर सुया होत्या.

तिला बोलताच येत नव्हतं.

हे ध्यानात आलं आणि वनिताने स्टूल खाटेजवळ सरकवलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासू समोर आहे आणि तिला उत्तर देता येत नाही, अशी ही पहिलीच वेळ होती. पुन्हा येणार नव्हती. इथे मांडव नव्हता, मुहूर्ताची मेढ नव्हती, आंब्याचं डहाळं नव्हतं. देव आलेच तर बाहेर पेशंटांचं बाकडं होतं, त्यावर बसतील. रागावले तर काय करायचं ते मागाहून बघू. तिने पदर सावरला, दोन्ही हात मांडीत घट्ट धरले आणि खालच्या आवाजात सुरू केलं.

"शिवेवरल्या देवा रं, वाट तुजी झाडिली,
हळदीच्या दिसाला रं, हाक तुला धाडिली."

जिजाचा उजवा डोळा गर्रकन तिच्याकडे वळला. डावा हात खाटेवरून वर उचलला गेला. वनिताला तो हात चांगला माहीत होता. तिने पटकन नजर वळवली आणि भिंतीवरच्या चिनी माणसाकडे पाहत पुढची ओळ घेतली.

"डोंगरीच्या देवा रं, उतर पायथ्याला,
श्रद्धाच्या हळदीला रं, बस मांडवाला."

आली. डोंगर आला. तिला घाम फुटला होता, पण आवाज फाटला नव्हता. तिने नदी घेतली.

"नदीबाई माये गं, सोडून ये काठ,
मेढीच्या पायथ्याशी, मांडिला तुला पाट."

आणि इथे ती अडली. पुढे घरातली गेलेली माणसं यायची होती, हे तिला कळत होतं. त्यांचं शेपूट तिच्या जिभेवर होतं. पण ओळीची सुरुवात काही केल्या सापडेना. नदीची ओळ संपली आणि खोलीत नुसती शांतता पडली. पंखा फिरत होता. एरवी या जागी शांतता नसायची. एरवी या जागी ती स्वतः असायची. जिजाने ओळ सोडली की ती झेलायची, घोळवायची, आणि तेवढ्यात जिजा श्वास घ्यायची, पुढचा देव आठवायची, बिनघोर उभी असायची. मागच्या बाईचं काम नुसतं शेपूट ओढायचं नसतं, हे वनिताला आज कळलं. आणि तिच्या मागे कोणी नव्हतं. तिने डोळे मिटून घेतले, पुन्हा नदीचीच ओळ म्हणून पाहिली, पुन्हा तिथेच येऊन थांबली. आता फोन करून डबा लावा म्हणायचं, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात तिला आवाज आला.

आधी तिला वाटलं, पंखाच घुमतोय. मग त्यात चाल ऐकू आली. मिटल्या ओठांआडून, नाकातून, नुसता हुंकार. शब्द नव्हते, त्यामुळे काही तुटण्याचा प्रश्नच नव्हता. मांडिला तुला पाट, मांडिला तुला पाट. फक्त शेपूट, पुढची ओळ नाही.

वनिताने डोळे उघडले. जिजा छताकडे पाहत होती. ओठ हर्षलाने सांगितल्याप्रमाणे अगदी स्थिर होते. पण चेहऱ्यावरच्या सगळ्या सुया थरथरत होत्या, आणि डावा हात खाटेच्या कडेवर हलकेच ठेका धरून होता.

पडदा हलला. सुया पाहून हर्षला पुढे आली आणि तिथेच थबकली. तिच्या हातात वनिताचा फोन होता आणि तो पुन्हा वाजत होता. ती दोन पावलं मागे सरली आणि पडदा पडला.

"हॅलो... हो, इथेच आहेत," तिचा आवाज पलीकडून आला. "काय ठरलं ते मला नाही सांगता येणार. थांबा, फोन पडद्याजवळ धरते, तुम्हीच ऐका."

हुंकार थांबला नव्हता. वनिताला कसलीच घाई नव्हती. तिने पुरता श्वास घेतला, आणि घरातल्या गेलेल्या माणसांना हाक मारली.